जुन्या ‘सी’वर नवा ‘ई’

दोन विषाणू, यकृत एकच

• हिपॅटायटिस सी : रक्तातून पसरतो. वापरलेली सुई, न तपासलेले रक्त ही मुख्य कारणे. वर्षानुवर्षे लक्षणांविना यकृत पोखरतो. लस नाही, गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. 2018पासून राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार मोफत.

• हिपॅटायटिस ई : विष्ठेने दूषित पाण्यातून. लागणीनंतर 2 ते 10 आठवड्यांनी कावीळ. धडधाकट माणूस बहुधा आपोआप बरा होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मात्र जिवाला धोका. इचलकरंजीत 2012 साली मोठी साथ.

• दोन्ही एकत्र : ‘सी’ने आधीच सिरॉसिस झाला असेल, तर ‘ई’मुळे यकृत अचानक निकामी होऊ शकते. कावीळ, पोटात पाणी, असंबद्ध बोलणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

• श्रीगोंद्यात : विहीर, बोअर, टँकर, पाणी कुठलेही असो, ‘सी’च्या रुग्णाने ते उकळूनच प्यावे.