भरलेली व्हॅन आणि मागची ओढ

लग्नाचे वऱ्हाड, शाळेची मुले, गोव्याची सहल, बाजाराचा माल, हुबळी-धारवाडात हे सारे आज व्हॅनमधून जाते. तथापि पुष्कळ चालक तिला लहान मोटारीप्रमाणेच हाकतात, आणि घोटाळा येथेच होतो. माणसे दाटीने बसली, टपावर बोचकी चढली, की गाडीचा भार वाढतो आणि गुरुत्वमध्यही वर सरकतो. अशी गाडी वळणावर कलते आणि थांबावयास अधिक जागा मागते.

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढी वाट सरते. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर तर वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट, तर अंतर चौपट. शाळेत हे गणित मुलांना येते, सडकेवर मोठ्यांना आठवत नाही!

आपल्या शहरांबाहेरून जाणारा सुमारे 30 किलोमीटरांचा बाह्यवळण रस्ता वर्षानुवर्षे दोन पदरी आणि दुभाजकाविना होता. रुंद महामार्गावरचा वेग घेऊनच वाहने त्यावर शिरत. 15 जानेवारी 2021 रोजी सकाळी इटिगट्टीजवळ दावणगेऱ्याहून गोव्याला निघालेल्या शाळासोबती मैत्रिणींची छोटी बस टिपरवर आदळली. दहाहून अधिक जीव गेले. त्यानंतर रुंदीकरणाची मागणी अधिकच तीव्र झाली. परंतु दुभाजक नसलेल्या वाटा भोवताली अद्याप पुष्कळ आहेत. तेथे पुढचे वाहन ओलांडण्यापूर्वी समोरचा मोकळा रस्ता दिसलाच पाहिजे; अंदाजाने बाहेर पडू नये.

आणखी एक गोष्ट या भागाची. आपली काळी जमीन पावसात फुगते, चिकट होते. डांबराबाहेर गेलेले चाक रुतते वा घसरते. अशा वेळी घाबरून सुकाणू झटक्याने वळवल्यास जड व्हॅन उलटण्याचा संभव असतो. सुकाणू सरळ धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा, आणि वेग मंदावल्यावरच हळूहळू डांबरावर यावे. पहिल्या सरीत धूळ आणि तेल मिसळून रस्ता विशेष निसरडा होतो, हेही ध्यानात असावे.

अनमोडचा किंवा आरबैलचा घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवल्यास ते तापून निकामी होतात. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनास वाट द्यावी.

मागे दोनचाकी ट्रेलर जोडल्यास जड माल आसाच्या किंचित पुढे ठेवावा. तो शेपटाकडे गेला, की ट्रेलर डोलू लागतो. डोलू लागल्यावर वेग वाढवू नये आणि जोराने ब्रेकही दाबू नये; ॲक्सिलरेटर सोडून सुकाणू स्थिर धरावे. वळणावर ट्रेलरची चाके व्हॅनच्या चाकांहून आतून जातात. कोपऱ्यावर उभ्या माणसास ती गाठतील, म्हणून वळण रुंद घ्यावे.

बंद पडलेली गाडी ओढून नेताना नियमाप्रमाणे दोहोंत 5 मीटरांहून अधिक अंतर नसावे, आणि वेग सायकलीच्या वेगाहून फारसा अधिक नसावा. घाटात तर दोराने ओढूच नये, क्रेन बोलवावी. ओढल्या जाणाऱ्या गाडीत जाणता चालक हवा. तिचे इंजिन बंद असल्याने ब्रेकचे साहाय्य थोड्याच दाबांत संपते, सुकाणूही जड होते. किल्ली काढून घेतली असेल, तर सुकाणूस कुलूप लागते आणि चालकास ते वळवताच येत नाही.