चुरचुर ऐकू आली पाहिजे

मिग वेल्डिंगचं मशीन घरी आणू पाहणारे बहुतेक जण एकच विचारतात, किती अँपिअरचं घेऊ? मी आधी विचारतो, गॅस कोणता लावणार? घरच्या शेडमध्ये चांगलं आणि वाईट वेल्ड यांतला फरक बहुतेक वेळा तिथेच पडतो.

टॉर्चचं बटण दाबलं की रोलर वायर पुढे ढकलतात, वायरच्या टोकाशी आर्क पेटतो आणि नोझलमधून गॅस वाहू लागतो. वितळलेल्या लोखंडाला उघडी हवा लागली की नायट्रोजन आणि ऑक्सिजन आत शिरतात. थंड झालेलं वेल्ड मग भोकाभोकांचं निघतं. गॅस त्यावर पांघरूण घालून असतो.

ही पद्धत 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबसच्या बॅटेल संस्थेत ॲल्युमिनियमसाठी तयार झाली. महाग आर्गॉनमुळे लोखंडाच्या कामाला ती परवडत नव्हती. 1953 मध्ये सोव्हिएत संघातल्या संशोधकांनी कार्बन डायऑक्साइडवर ती चालवून दाखवली आणि ती स्वस्त झाली. आपल्याकडे शेडमध्ये आजही कोणी मिग म्हणत नाही, ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात. मग सिलिंडरमध्ये मिक्स गॅस का असेना.

नुसता सीओटू खोलवर पकडतो. पाच-सहा मिलिमीटरच्या अँगलला, ट्रॉलीच्या चासीला तो उत्तम. पण ठिणग्या फार उडतात, नोझलमध्ये दाणे साचतात आणि वेल्डच्या आजूबाजूला ग्राइंडर मारत बसावं लागतं. चौकोनी पाइपाचं गेट किंवा गाडीचा पत्रा करायचा असेल तर आर्गॉनमध्ये वीस-पंचवीस टक्के सीओटू असलेलं मिक्स घ्यावं. आर्क शांत राहतो, पत्रा जळत नाही. मग शुद्ध आर्गॉन का नको? लोखंडावर त्याचा आर्क भटकतो आणि कडा खाल्ल्या जातात. थोडा सीओटू असला की तो जागेवर बसतो. ॲल्युमिनियमला मात्र शुद्ध आर्गॉनच लागतो.

सीओटूच्या सिलिंडरबद्दल एक गोष्ट नव्या माणसाला हमखास चकवते. आत तो द्रवरूपात असतो. द्रव संपेपर्यंत मीटरचा काटा जवळपास जागचा हलत नाही, मग एकदम खाली येतो. किती उरलाय ते वजनावरूनच कळतं. सलग काम केलं तर रेग्युलेटरवर बर्फ धरतो, म्हणून हीटरचा रेग्युलेटर लावतात.

आता सेटिंग. दीड मिलिमीटरच्या आसपासच्या पाइपाला 0.8 ची वायर घ्यावी. जाडीच्या दर मिलिमीटरमागे चाळीसेक अँपिअर हा कामचलाऊ हिशेब, म्हणजे साठ-सत्तर अँपिअर. मिगमध्ये करंटचं बटण वायरच्या वेगाचंच असतं: वेग वाढवला की करंट वाढतो. व्होल्टेज मिक्सवर सोळा-सतरा, सीओटूवर एखाद-दोन व्होल्ट जास्त. पण शेवटचा निकाल कानाने लावायचा. इतक्या कमी व्होल्टेजवर वायर वितळलेल्या लोखंडाला सेकंदाला वीसपासून दोनशे वेळा टेकते आणि तुटते. हे टेकणं एका लयीत बसलं की भजी तळल्यासारखी सलग चुरचुर येते. वायर पाइपावर ठोके मारत टॉर्च मागे ढकलू लागली तर वेग जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी. टोकाला मोठा गोळा होऊन तो टपटप गळू लागला तर व्होल्टेज जास्त. एकाच वेळी एकच बटण फिरवावं आणि आधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर चालवून बघावं.

माझ्या पहिल्या गेटच्या चौकटीत एका कोपऱ्याला भोकंच भोकं निघाली. मी गॅस वाढवत गेलो, भोकंही वाढत गेली. कोपऱ्यावर टेबल फॅनचा झोत येत होता, आणि वाढलेला गॅस नोझलबाहेर भोवरे करून हवाच आत ओढत होता. पंखा बाजूला वळवला, मिनिटाला बारा लिटरवर आलो, वेल्ड स्वच्छ झालं. तेव्हापासून वारा टॉर्चवर येऊ देत नाही, पण दार-खिडक्या उघड्या ठेवतो. आर्कमध्ये सीओटूपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि आर्गॉन व सीओटू दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने तळघरात, खड्ड्यात साचतात. तिथे हे काम घेऊच नये. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढावा.

वेल्ड संपलं की बटण सोडावं, पण टॉर्च उचलू नये. गॅस अजून क्षणभर येत असतो. शेवटचा लालभडक ठिपका काळवंडेपर्यंत नोझल तिथेच धरून ठेवायचं.