पारा येतो, मग धडा का अडतो?

उर्दू शाळेतला पाचवीचा मुलगा कुरआनचा पारा घडाघडा वाचतो आणि उर्दूच्या धड्यात अडखळतो. कारण साधं आहे. पाऱ्यात जेर-जबर-पेश छापलेले असतात, धड्यात बहुतेक नसतात. शब्द आधी कानावर पडलेला असेल तरच तो ओळखता येतो. म्हणून मोहल्ल्यात वाचनवर्ग घेणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनो, गोष्ट आधी तुम्ही मोठ्याने वाचा, मग मुलांना द्या.

गट इयत्तेवर पाडू नका. ‘प्रथम’ संस्थेची पद्धत सोपी आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल जिथे अडतं तिथून सुरुवात. पाचवीतल्याला दुसरीतल्याशेजारी बसायची लाज वाटते, आणि लाजेपायीच तो यायचा बंद होतो. तुमची परीक्षा आली की वर्ग बंद, हेही नको. वेगवेगळ्या कॉलेजांतल्या दोघांनी मिळून एक गट घ्या.