दोरी ओढते; ढकलणार कोण?

कळंबा तलावावर तुम्ही शिडाची होडी सोडली आहे अशी कल्पना करा. शिडाचा तळ ताणून धरणारी, डोलकाठीला बिजागरीने जोडलेली आडवी दांडी म्हणजे बूम. वारा मागून आला की बूमचे टोक वर उचलले जाते, शीड पिळवटते आणि वरच्या भागातून वारा निसटतो. म्हणून बूमपासून डोलकाठीच्या बुडाकडे तिरपी, कप्पीची दोरी बांधतात. हिला व्हँग म्हणतात.

पण शीड उतरवले की काय होईल? दोरी ओढते, ढकलत नाही. वरून टांगणारी दुसरी दोरी नसेल, तर बूम थेट डोक्यावर! गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. अशा एकट्या खलाशाला बूम सावरायला तिसरा हात कुठून येणार?

ताठ व्हँगमध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात व आत स्प्रिंग. कप्पी बूमला खाली ओढते, स्प्रिंग वर तोलते.

ती बसवताना तरफेचा नियम आठवा. बूमच्या टोकाशी, ४ मीटरवर, १० किलोग्रॅम भार आणि व्हँग १ मीटरवर असेल, तर तेथे ४० किलोग्रॅमचा आधार हवा. व्हँग ४५ अंशांत तिरपी, म्हणून नळीवर दाब सुमारे ५७! डोलकाठीवरच्या रिव्हेटांना तो सोसावा लागतो. पातळ पट्टी तेथे कामाची नाही.