चौदा आकडे

श्रीपूर. दिवस कलतोय. पांडुरंग सहकारी साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्यांची रांग लागलीय. कडेच्या माळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या आहेत. फडातून परतलेल्या बाया चुली पेटवतायत आणि त्यांच्या मध्येच खुर्ची टाकून आरोग्य केंद्राच्या सिस्टर बसल्यात. मांडीवर टॅब, पायाशी वजनकाटा, शेजारी आशाताई.

पुढ्यात बीडकडची एक बाई आहे. सातवा महिना. पत्र्याच्या पेटीतून ती कॅरीबॅग काढते, कॅरीबॅगेतून माता-बाल संरक्षण कार्ड. घडीवर फाटलेलं. हिमोग्लोबिनच्या रकान्यात शाई पसरलीय. आठ आहे की नऊ, कळत नाही. धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन दिसतंय.

“दुसरं कुठं घेतलंस?”

“मागल्या तळावर बाई आल्या हुत्या. कार्ड गावाकडंच राह्यलं हुतं तवा.”

सिस्टर बोटातून रक्ताचा थेंब घेतात. मग ‘आभा’, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, काढायला आधार नंबर टाकतात. त्याला जोडलेला मोबाइल भावाचा, भाऊ गावी. फोन लावला जातो. तो ओटीपीचा एकेक आकडा सांगतो, आशाताई मोठ्यानं म्हणते, सिस्टर टाइप करतात. मध्येच रेंज जाते. पुन्हा पहिल्यापासून. अखेर चौदा आकडे स्क्रीनवर उमटतात.

“आता ह्ये कार्ड टाकू का?”

“अजिबात नाही. नंबर त्याच्यावरच लिहून देते. बाळंतपणाला जाशील तिथं दाखव. ते केंद्र जोडलेलं असलं आणि तू हो म्हणालीस, की इथलं तिथं दिसेल.”

हा नंबर ज्यातून मिळतो, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालं. मोठ्या दवाखान्यांत क्यूआर कोडनं केसपेपरची रांग वाचते, तेही चांगलंच. पण खरी गरज या माळावर आहे. दिवाळीच्या आसपास गाव सुटतं, ते उन्हाळा लागेपर्यंत. गरोदरपणाची नोंद एका जिल्ह्यात, तपासणी दुसऱ्यात, बाळंतपण कुठं ते हंगामावर. मधल्या काळात रक्त किती कमी झालं, हे पुढच्या डॉक्टरला कळलं नाही तर जीव तिचा जातो. म्हणून नोंद तिच्याबरोबर फिरली पाहिजे, आणि ती उघडायची किल्ली भावाकडे, नवऱ्याकडे किंवा मुकादमाकडे नको.

सिस्टर तिला लोहाच्या गोळ्या देतात आणि बजावतात, “गावी गेलीस की आधारला स्वतःचा नंबर जोडून घे. तुझी नोंद तुझ्याच फोनवर आली पाहिजे.”