इंजिनाचं अंग पुसा, आंघोळ नको

रविवारची सकाळ, चहा झालेला, दारात गाडी उभी. आपण बादली आणि फडकं घेऊन बाहेर पडतो. काचा होतात, टायर होतात. मग सहज बॉनेट उघडलं जातं. आत धुळीचा थर, तेलाचे ओघळ, गुलमोहराची वाळलेली पानं. वाटतं, हातात पाइप आहेच, इथंही दोन मिनिटं पाणी मारून घ्यावं. आज मला त्या दोन मिनिटांविषयीच बोलायचं आहे.

कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. सकाळी साडेसातला दवाखान्यात पोचायचं होतं. गाडी कशी लख्ख असावी म्हणून आदल्या संध्याकाळी मी इंजिनावर पाइप धरला. सकाळी किल्ली फिरवली तर गाडी सुरू झाली खरी, पण तापानं थंडी वाजून आल्यासारखी थडथडायला लागली. फाटकापर्यंत जाऊन बंद पडली. आईला रिक्षातून न्यावं लागलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण त्या सकाळची तिची घालमेल माझ्या लक्षात राहिली. दुपारी आमचे ओळखीचे मेकॅनिक आले. त्यांनी एक प्लग काढून दाखवला. प्लगच्या खोबणीत पाणी साचलं होतं. ते म्हणाले, "साहेब, इंजिनाला आंघोळ घालत नाहीत. त्याचं अंग पुसतात."

त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं तर आत काय आहे ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी वीस हजार व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाबाची वीज लागते. या विजेला सोपी वाट आवडते. खोबणीत मळकट पाणी असेल तर ती प्लगच्या टोकाशी न जाता पाण्यातून इंजिनाच्या धातूत उतरते. मग त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाही आणि गाडी थडथडते. शिवाय न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन तिथलं महागडं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करू शकतं. जुन्या प्रीमियर पद्मिनीत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली, तर टोपी काढून कोरड्या फडक्यानं पुसली की काम भागायचं. आताच्या गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सर आणि वायरींचे कितीतरी जोड असतात. त्यांची रबरं पावसाचे शिंतोडे सोसतात, पण जोरानं मारलेली धार जिथं पाऊस कधी पोचत नाही तिथं पोचते.

मग स्वच्छता करायचीच नाही का? जरूर करायची. फक्त ब्रशनं आणि ओलसर फडक्यानं.

पहिली अट, इंजिन पूर्ण थंड हवं. गाडी नुकतीच फिरून आली असेल तर निदान दोन-तीन तास थांबा. सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी, सावलीत हे काम करणं उत्तम. चालत्या गाडीत रेडिएटरचं पाणी नव्वद अंशांच्या आसपास तापतं आणि धूर बाहेर नेणारा लोखंडी भाग त्याहून कितीतरी जास्त. त्यावर गार पाणी पडलं तर वाफेनं हात भाजतो, धातूला तडाही जाऊ शकतो. रेडिएटरचं झाकण तर गरम असताना कधीच उघडू नका. आणि पंख्यात बोटं घालू नका. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू लागतो.

दुसरी अट बॅटरीची. हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. बॅटरीची वजा चिन्हाची, म्हणजे बहुधा काळी, वायर आधी सोडवा. आधी हीच का? कारण ती गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. आधी अधिक चिन्हाची वायर सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीतून तर हायड्रोजन वायू निघत असतो. म्हणूनच जवळ विडी-सिगारेट नको. मात्र नव्या गाड्यांत बॅटरी सोडवल्यावर काही गोष्टी पुन्हा जुळवाव्या लागतात. गाडीबरोबर आलेली पुस्तिका आधी वाचा.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावू नका. तिथं जिवावर बेतेल एवढी वीज असते. सीएनजीच्या गाडीत गॅसच्या नळ्या आणि जोड हलवू नका, आणि गॅसचा वास आला तर काम तिथंच थांबवा.

आता साहित्य. रंगाचा जुना ब्रश, जुना टूथब्रश, बनियनची फडकी, फवाऱ्याची बाटली, थोडा गाडीचा शाम्पू, रबरी हातमोजे आणि एक बॅटरी, म्हणजे हातातली विजेरी. ब्रशच्या पत्र्यावर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे धातूचा स्पर्श होणार नाही. फ्यूजची पेटी, अल्टरनेटर, कॉइल आणि एअर फिल्टरकडे हवा नेणारं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका.

सुरुवात कोरड्यानं करा. काचेखालच्या जाळीतली पानं हातानं वेचून काढा. ती कुजली की पाणी जायची वाट बंद होते आणि पावसात पाणी गाडीच्या आत उतरतं. मग वरून खाली ब्रशनं धूळ झाडा. शाम्पूचं पाणी इंजिनावर न फवारता फडक्यावर फवारा, फडकं पिळा आणि पुसा. तेलाचा जुना चिकटा असेल तिथं टूथब्रश चालवा, मग साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्यानं साबण काढा. पट्ट्यावर साबण किंवा तेल लागू देऊ नका. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-निळसर भुकटी दिसली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टूथब्रशनं घासा, कोरडं करा. वायरी पुन्हा जोडून झाल्या की वरून थोडं व्हॅसलिन लावा.

आपल्याकडे रॉकेल किंवा डिझेल मारून इंजिन चमकवण्याची पद्धत आहे. ती कृपा करून सोडा. त्यानं रबर फुगतं, नंतर धूळ दुप्पट चिकटते, आणि आगीला आमंत्रण मिळतं. पेट्रोलचं तर नावही नको.

पावसाळ्यानंतर आत उंदरांच्या लेंड्या, चिंध्या सापडल्या तर त्या कोरड्या झाडू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. 2005च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईनं तो अनुभवला आहे. हातमोजे आणि मास्क घाला, जंतुनाशकानं ती जागा ओलसर करा आणि मग उचला.

हे सगळं कशासाठी? चकचकीत दिसण्यासाठी नव्हे. पुसताना आपली नजर प्रत्येक नळीवरून जाते. ताजा काळा ओघळ म्हणजे बहुधा इंजिन ऑइल, हिरवट किंवा गुलाबी ओल म्हणजे कूलंट. कूलंट चवीला गोड पण विषारी असतं. सांडलं तर लगेच पुसा, कुत्र्या-मांजरांनी चाटता कामा नये. त्या फजितीनंतर दोन वर्षांनी असाच पुसत असताना मला पेट्रोलचा वास आला. उंदरानं पेट्रोलची नळी कुरतडली होती, नळीखाली बोटभर ओल होती. मी किल्ली लावलीच नाही, मेकॅनिकांना बोलावलं. धार मारली असती तर ती ओल वाहून गेली असती आणि मला काहीच कळलं नसतं.

काम संपलं की अर्धा तास सगळं वाळू द्या. पिशव्या आणि फडकी मोजून बाहेर काढा. विसरलेलं एक फडकं तापलेल्या नळीवर पेट घेऊ शकतं. सोडवताना वजा आधी होती, जोडताना ती शेवटी. मग गाडी मोकळ्या हवेत दहा मिनिटं चालू ठेवा. बंद गॅरेजमध्ये नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो. इंजिनाचा दिवा लुकलुकला किंवा गाडी थडथडली तर बंद करा आणि मेकॅनिकला दाखवा. तेलकट फडकी गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी टाकू नका.

आणि हो, दुसऱ्या दिवशी पहाटे कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर आदल्या संध्याकाळी बॉनेट उघडूच नका. हे काम निवांत रविवारचं आहे.