उपग्रहापासून ब्लूटूथपर्यंत : दुर्ग जिल्ह्याच्या शाळांचा प्रवास

भिलाई हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर उभे राहते ते पोलाद. तत्कालीन सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली आणि तिच्याभोवती रुंद रस्त्यांचे, शाळा-इस्पितळांचे नियोजित नगर वसले. परंतु ज्या दुर्ग जिल्ह्यात हे नगर वसले, त्याच जिल्ह्यातील खेडी शालेय शिक्षणाच्या एका अभूतपूर्व प्रयोगात सहभागी झाली होती, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. वर्गावर्गांतून डिजिटल फळे बसविण्याची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे धडे देण्याची लगबग सुरू असताना त्या प्रयोगाकडे वळून पाहणे उपयुक्त ठरावे.

१ ऑगस्ट १९७५ रोजी 'साइट' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडण्यात आली. तत्कालीन मध्य प्रदेशातील खेडी रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांतील होती. उपग्रह अमेरिकेच्या 'नासा'चा. मात्र भूकेंद्र, दूरचित्रवाणी संच आणि कार्यक्रम भारतीय. कोल्हापुरात जन्मलेले शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस हे या प्रकल्पाचे व्यवस्थापक होते. ज्या गावांनी तोवर दूरचित्रवाणी पाहिलीही नव्हती, तेथे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री उभी राहिली आणि ती थेट अवकाशातून चित्रे झेलू लागली!

सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी राखीव होता. हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू अशा चार भाषांत तो विभागला जाई. म्हणजे एका भाषेच्या वाट्याला येत ती अवघी साडेबावीस मिनिटे. दुर्गच्या मुलांसाठी भाषा ठरली हिंदी. घरीदारी छत्तीसगढी बोलणाऱ्या चिमुरड्याला पडद्यावरील हिंदी कितपत उमगत असेल, हा प्रश्न तेव्हाही होताच. या प्रयोगाचा कमी चर्चिला गेलेला, पण अधिक मोलाचा भाग शिक्षकांचा होता. दूरचित्रवाणी, आकाशवाणी, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष कृती यांची सांगड घालून सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून विज्ञान कसे शिकवावे, यावर त्यात भर होता.

फलश्रुती काय? पाहणीत असे आढळले, की मुलांच्या परीक्षेतील गुणांत लक्षणीय वाढ झाली नाही. मात्र त्यांची भाषा समृद्ध झाली आणि अन्य साधनांतून माहिती मिळविण्याची ओढ वाढली. गुणपत्रिकेत न उमटणारा हा लाभ किरकोळ मानायचा की खरा मानायचा, हे पाहणाऱ्यावर अवलंबून आहे. तो खरा मानणेच अधिक न्याय्य. पण ३१ जुलै १९७६ रोजी ठरल्याप्रमाणे वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि ऐन शाळेच्या दिवसांत पडदे काळवंडले. पुढे १९७७ मध्ये रायपूरला दूरदर्शन केंद्र सुरू झाले. तथापि भूस्थित प्रक्षेपणाला अंतराची मर्यादा होती. लांबच्या गावांना ती उपग्रहछत्री पुन्हा लाभली नाही.

२० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला 'एज्युसॅट' अवकाशात झेपावला आणि २०१० मध्ये निवृत्तही झाला. त्यानंतरची कसोटी आली ती महामारीच्या रूपाने. शाळा बंद होताच छत्तीसगढ शासनाने एप्रिल २०२० मध्ये 'पढई तुंहर दुआर', म्हणजे 'अभ्यास तुमच्या दारी', हे संकेतस्थळ सुरू केले. हे नाव छत्तीसगढीत असणे हीही प्रगतीच. परंतु दार असले तरी घरात स्मार्टफोन असेलच असे नव्हते. तेव्हा वस्तीवस्तीत उघड्यावर वर्ग भरले, ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले गेले आणि जेथे इंटरनेट पोहोचत नव्हते तेथे साध्या मोबाइलमधून मोबाइलमध्ये ब्लूटूथने पाठ पाठविले गेले. या योजनेचे नाव 'बुल्टू के बोल'. ब्लूटूथचा बुल्टू झाला, तेव्हाच ते तंत्र गावाचे झाले असे म्हणावे लागेल.

हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहता या प्रवासात एक गोष्ट वारंवार आढळते. संच, फळा, टॅब्लेट हा भांडवली खर्च. त्यासाठी निधी, देणगीदार आणि उद्घाटनाची फीत सहज मिळते. दुरुस्ती, वीज, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि बोलीभाषेतील पाठ हा दरवर्षीचा महसुली खर्च. त्याला फीत नसते. 'साइट'ने शिक्षकांवर केलेला खर्च उपग्रहाबरोबर परत गेला नाही, संच मात्र मुके झाले.

भिलाईचे चित्र आज बदलले आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी भिलाईचा परिसर दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथे उभा आहे, तर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय दिला आहे. संगणकाला छत्तीसगढीतून प्रश्न विचारून छत्तीसगढीतूनच उत्तर मिळणे आता अशक्यप्राय उरलेले नाही. शाळांसाठी संगणक मागणारे अर्ज बँकांच्या शाखांकडेही येत असतात. अशा अर्जात यंत्रांच्या किमतीचा रकाना नेटका भरलेला असतो. तिसऱ्या वर्षी यंत्र बंद पडल्यास ते कोण दुरुस्त करील आणि तोवर वर्ग कोण चालवील, हा रकाना बहुधा छापलेलाच नसतो. तो मंजुरीपूर्वी हाताने लिहून घेता येतो.